पहिल्या हिमाची परीक्षा



आपणांपैकीं बहुतेकांनीं हिम डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. उन्हाळ्यांत गोळेवाल्यानें किसून दिलेलें बर्फ, वळवाच्या पावसांत अंगणांत तडतडणाऱ्या गारा, आणि फार तर महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं कडाक्याच्या थंडींत एखाद्या पहांटे गवतावर गोठलेलें दंव, एवढाच आपला त्या पदार्थाशीं परिचय. असें असतां शाळेच्या वार्षिकांत हिमाच्या थरांची चर्चा कशाला, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, हा लेख माझ्या एका चुकींतून जन्मास आला आहे. आणि शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या कामीं आली, तर ती अगदींच वायां गेली असें होत नाहीं.

२०२३ सालच्या डिसेंबर महिन्यांत आमचा एक माजी विद्यार्थी, जो त्या वेळीं महाविद्यालयांत शिकत होता, आपल्या सोबत्यांसह हिमाचल प्रदेशांत मनालीच्या वरच्या डोंगरांत पायीं हिंडावयास निघाला. निघण्यापूर्वीं त्याचे वडील मुद्दाम माझ्या घरीं आले. ते म्हणाले, "सर, तुम्ही शास्त्र शिकवितां. तिकडे हिम कोसळून माणसें गाडलीं जातात असें वाचतों. पोरास पाठवूं कीं नको?" मीं क्षणभरही विचार न करितां उत्तर दिलें, "भाऊ, काळजी करूं नका. हिंवाळा नुकताच लागला आहे. अजून गुडघाभरही हिम सांचलें नसेल. थोड्या हिमाचें भय तें काय?" ते समाधानानें उठून गेले. मुलगाही सुखरूप परत आला. परंतु परत आल्यावर त्यानें सांगितलेली हकीकत ऐकून मला कळून चुकलें कीं, एका बापानें विश्वासानें विचारलेल्या प्रश्नास मीं न जाणतां उत्तर दिलें होतें, आणि तें उत्तर साफ चुकीचें होतें. ती हकीकत पुढें येईलच. परंतु ती समजण्यासाठीं हिमाचा स्वभाव आधीं जाणून घेतला पाहिजे.

डोंगराच्या उतारावर सांचलेलें हिम एकाएकीं सुटून खालीं धांवत येतें, त्यास हिमलोट किंवा हिमस्खलन म्हणतात. त्याचा वेग ताशीं शंभर किलोमीटरांहूनही अधिक असूं शकतो. हा लोट भर हिंवाळ्यांतच येतो असें नाहीं. ४ ऑक्टोबर २०२२ रोजीं, म्हणजे आपण ज्यास हिंवाळा म्हणतों तो सुरूही झाला नव्हता अशा वेळीं, गढवालांतील उत्तरकाशी जिल्ह्यांत 'द्रौपदी का डांडा' नांवाच्या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी चढत असतां असाच एक लोट आला. सत्तावीस शिकाऊ गिर्यारोहक व दोन शिक्षक, असे एकोणतीस जण त्यांत गेले. त्या दोन शिक्षकांपैकीं एक सविता कंसवाल ह्या होत्या. त्याच वर्षाच्या मे महिन्यांत, अवघ्या सोळा दिवसांच्या अंतरानें, एव्हरेस्ट आणि मकालू हीं दोन उत्तुंग शिखरें त्यांनीं सर केलीं होतीं. सांगण्याचा हेतु हा कीं, पंचांगांतील महिना पाहून डोंगराची परीक्षा होत नाहीं, आणि अनुभवी माणसासही डोंगर वेगळी वागणूक देत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे वळूं. हिम म्हणजे गोठलेला पाऊस नव्हे. उंच आकाशांत अति थंड ढगांत पाण्याची वाफ द्रवरूप न होतां एकदम घन होते, आणि तिचे सहा कोनांचे नाजूक स्फटिक बनतात. जपानांतील शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनीं १९३६ सालीं प्रयोगशाळेंत पहिला कृत्रिम हिमस्फटिक तयार केला, आणि हवेंतील थंडी व ओलावा यांच्या प्रमाणाप्रमाणें स्फटिकाचा आकार कसा बदलतो तें दाखवून दिलें. असे असंख्य स्फटिक एकमेकांवर अलगद पडतात तेव्हां त्यांच्यामध्यें हवाच फार असते. एक घनमीटर पाण्याचें वजन १,००० किलो भरतें, तर नुकत्याच पडलेल्या तेवढ्याच हिमाचें ५० ते १०० किलोच्या आसपास. म्हणून ताजें हिम पिंजलेल्या कापसासारखें हलकें लागतें.

परंतु जमिनीवर पडलेलें हिम जसेंच्या तसें राहत नाहीं. तें आंतल्या आंत सतत बदलत असतें. आणि हा बदल दोन वाटांनीं होतो. पहिल्या वाटेनें स्फटिकांचीं टोकें झिजतात, कण वाटोळे होतात, शेजारच्या कणांस चिकटतात, आणि सगळा थर हळूहळू घट्ट व मजबूत होतो. दुसऱ्या वाटेनें नेमकें उलट घडतें: कण मोठे, कोनदार व कोरडे होतात, एकमेकांस धरीत नाहींत, आणि थर पोकळ होत जातो. कोणती वाट धरावयाची हें मुख्यतः एका गोष्टीवर ठरतें. ती म्हणजे हिमाच्या तळाची उष्णता व पृष्ठभागाची उष्णता यांतील फरक किती जाडींत वांटला गेला आहे.

हें एका सोप्या गणितानें कळेल. हिमाखालची जमीन उन्हाळ्याची ऊब धरून असते. म्हणून तळाशीं उष्णतामान बहुधा शून्य अंशाच्या जवळ असतें. समजा, रात्र निरभ्र आहे आणि वरचा पृष्ठभाग शून्याखालीं १५ अंश गेला आहे. हिमाची जाडी १५० सेंटिमीटर असेल, तर दर १० सेंटिमीटरांस फरक पडतो एका अंशाचा. परंतु जाडी ३० सेंटिमीटरच असेल, तर तोच फरक दर १० सेंटिमीटरांस ५ अंशांचा होतो! शास्त्रज्ञांचा ठोकताळा असा आहे कीं, दर १० सेंटिमीटरांस एका अंशाहून अधिक फरक असला म्हणजे हिम दुसऱ्या, म्हणजे बिघाडाच्या वाटेस लागतें. तळाकडील उबदार कणांतून वाफ निघून वर जाते, वरच्या थंड कणांवर गोठते, आणि कांहीं दिवसांतच तळाशीं जाड्या मिठासारखे किंवा मोठ्या दाण्याच्या साखरेसारखे सुटे कण तयार होतात. ओंजळींत घेतले तर ते बोटांतून गळून जातात. त्यांचा चेंडू वळत नाहीं.

मुलांनो, माझी चूक कोठें झाली तें आतां तुमच्या ध्यानांत आलेंच असेल. हिम थोडें आहे म्हणून भय नाहीं असें मी म्हणालों. परंतु हिम थोडें असतें म्हणूनच तें तळाशीं बिघडतें. हंगामाच्या आरंभीं पडलेला पातळ थर, त्यानंतर आठपंधरा दिवस स्वच्छ आकाश व कडक थंडी, ही सगळ्यांत वाईट जोडी होय. बरें, उन्हाच्या बाजूचें हें पहिलें हिम पुष्कळदां वितळून जातें. परंतु उत्तरेकडील, सावलीच्या उतारांवर तें तसेंच पडून राहतें व बिघडत जातें. पुढें डिसेंबरापासून मार्चपर्यंत पश्चिमेकडून येणारीं वादळें ह्या पोकळ पायावरच नवें हिम रचतात. कच्च्या पायावर माडीवर माडी चढविणाऱ्या घरासारखा हा प्रकार आहे. त्या पहिल्या थराचें व्यंग कधीं कधीं सारा हिंवाळाभर तळाशीं दबा धरून बसलेलें असतें.

केवळ पोकळ थर असला म्हणजे लोट येतोच असें मात्र नाहीं. त्यावर एक सलग, घट्ट लादी बसावी लागते. ही लादी बहुतकरून वारा तयार करतो. वारा एका बाजूचें हिम उचलून डोंगराच्या आडोशाच्या बाजूस नेऊन टाकतो. वाटेंत स्फटिक मोडून त्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा घट्ट बसून लादी बनते. ह्याचा प्रयोग घरीं करून पाहतां येईल. पोळपाटावर जाड्या साखरेचा पातळ थर पसरा, त्यावर एक गुळगुळीत पाटी ठेवा, आणि पोळपाट एका बाजूनें हळूहळू उचला. एका विशिष्ट कोनापर्यंत पाटी स्वस्थ बसते; नंतर ती एकदम घसरते. थोडी थोडी घसरून ती आपणांस सूचना देत बसत नाहीं. डोंगरावरही असेंच होतें. माणसाच्या पावलाच्या भारानें लादीखालचा पोकळ थर एके ठिकाणीं दबतो, तो दाब लादीखालून भराभर पसरतो, आणि डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तोंच सगळा उतार सुटतो. लादीच्या पातळ जागीं, विशेषतः हिमांतून खडक डोकावत असतील तेथें, पावलाचा भार पोकळ थरापर्यंत सहज पोंचतो. म्हणून पातळ जागा ही सुरक्षित जागा नव्हे. ती कुलुपाची किल्ली आहे. गिर्यारोहक व हिमावरून घसरत जाणारे खेळाडू जेथें सांपडतात अशा दहांपैकीं सुमारें नऊ अपघातांत लोट सोडणारा दुसरा कोणी नसून तो स्वतः अथवा त्याचा सोबतीच असतो.

मग ह्या धोक्याची परीक्षा कशी करावी? हें शास्त्र फार जुनें नाहीं. स्वित्झर्लंडांतील दावोस गांवाच्या वर वाइसफ्लूयोख येथें १९३६ सालीं एका लहानशा खोपटांत हिमाच्या अभ्यासास आरंभ झाला. आपल्या देशांत मनाली येथें संरक्षण खात्याची हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था १९६९ सालीं निघाली. तिचेंच काम २०२० पासून एका नव्या नांवाच्या संस्थेत सामावलेलें आहे. युरोपांत १९९३ पासून धोक्याच्या पांच पायऱ्या ठरविलेल्या आहेत: अल्प, मध्यम, लक्षणीय, मोठा व अति मोठा. येथें एक चमत्कारिक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुष्कळसे प्राणघातक अपघात पांचव्या पायरीवर होत नाहींत, तर तिसऱ्या पायरीवर होतात. पांचव्या दिवशीं सगळेच घरीं बसतात. तिसऱ्या दिवशीं मात्र 'एवढ्यानें काय होतें' असें म्हणून माणसें बाहेर पडतात.

पत्रक वाचल्यावर स्वतःच्या डोळ्याकानांचें काम सुरू होतें. पहिली साक्ष ताज्या लोटांची. शेजारच्या उतारावर, त्याच दिशेस व त्याच उंचीवर, एक-दोन दिवसांत हिम कोसळलेलें दिसलें, तर याहून स्पष्ट पुरावा नको. दुसरी साक्ष कानांची. सपाटीवर पाऊल पडतांच पायाखालून खोल 'धप्प' असा आवाज आला, किंवा पावलापासून हिमांत भेग सळसळत गेली, तर लादीखालचा थर दबला असें समजावें. तिसरी साक्ष हवेची. चोवीस तासांत फूटभर नवें हिम पडलें असेल, जोराचा वारा सुटला असेल, अथवा थंडी एकाएकीं ओसरली असेल, तर उतारावर नवा ताण आलेला असतो.

चौथी गोष्ट उताराच्या कोनाची. फार सपाट उतारावर हिम घसरत नाहीं. अगदीं उभ्या कड्यावर तें सांचतच नाहीं. लादीचे बहुतेक लोट ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. तुमच्या कंपासपेटींत दोन गुण्या असतात. एकाचा लहान कोन ३० अंशांचा, दुसऱ्याचा ४५ अंशांचा. ते दोन्ही टेबलावर उभे करून पाहा. त्या दोहोंमध्यें जो उतार बसतो, तोच मृत्यूचा आवडता उतार होय. मात्र स्वतः सपाटीवर उभें असूनही वरचा उतार आपल्या अंगावर सुटूं शकतो. म्हणून पायाखालच्या कोनाबरोबर डोक्यावरचा कोनही पाहिला पाहिजे.

पांचवी परीक्षा फावड्याची, आणि येथें माझ्या विद्यार्थ्याची हकीकत येते. नोव्हेंबरांत त्या डोंगरावर थोडें हिम पडून गेलें होतें. मग कित्येक दिवस आकाश स्वच्छ होतें. आणि ही मंडळी पोंचण्याच्या आदल्या दिवशीं वाऱ्यासह नवें हिम पडलें होतें. समोर एक सुंदर, पांढराशुभ्र, सावलीचा उतार होता. तो ओलांडला कीं पठार. हिम गुडघ्यापर्यंतही नव्हतें. मुलें उतावीळ झालीं होतीं. त्यांचा वाटाड्या, त्याच डोंगरांत वाढलेला एक मध्यम वयाचा गृहस्थ, उतारापाशीं येतांच थबकला. खालच्या सपाटीवर त्यानें एकदां 'धप्प' असा आवाज ऐकला होता. जवळच त्याच बाजूस तोंड असलेल्या एका लहानशा, निरुपद्रवी चढावर त्यानें जमिनीपर्यंत खड्डा खणला आणि खड्ड्याच्या भिंतीवर मुलांना बोटें फिरवावयास सांगितलीं. वरचा थर बोटास घट्ट लागला. तळाशीं बोट सहज आंत गेलें व साखरेसारखे दाणे भुरभुर गळूं लागले.

मग त्यानें त्या भिंतींतून फूटभर लांब व फूटभर रुंद असा हिमाचा एक खांब चारी बाजूंनीं मोकळा केला, त्यावर फावड्याचें पातें आडवें ठेविलें, आणि त्यावर हाताने टपटप थाप मारावयास प्रारंभ केला. ह्या परीक्षेंत पहिल्या दहा थापा केवळ मनगटांतून, पुढच्या दहा कोपरापासून, व शेवटच्या दहा खांद्यापासून मारावयाच्या असतात. जितक्या कमी थापांत खांब तुटेल तितका थर दुबळा. मनगटाच्या चौथ्याच थापेस वरची लादी सपकन् सुटून त्याच्या मांडीवर आली. वाटाड्या उठला, हात झाडले, आणि म्हणाला, "चला, परत." मुलांनीं कुरकुर केली, विनवण्या केल्या, एकानें पैशांचीही गोष्ट काढली. तो हंसला, पण वळला नाहीं.

तो उतार त्या दिवशीं कोसळला नाहीं. मुलें दोन दिवस खालच्या गांवांत राहिलीं, तेव्हांही तो तसाच होता. "मग सर, वाटाड्या चुकला असें म्हणावें काय?" असें त्या मुलानें मला विचारलें. ह्या प्रश्नावर मीं पुष्कळ विचार केला. माझें उत्तर असें कीं, नाहीं. उतार कोसळला नाहीं यावरून तो बळकट होता हें सिद्ध होत नाहीं. त्या दिवशीं त्यावर कोणी पाऊल ठेविलें नाहीं एवढेंच सिद्ध होतें. आणि ह्याच्या उलट बाजूही ध्यानांत ठेवावी. खड्ड्यानें वाईट निकाल दिला तर त्यावर विश्वास ठेवावा. परंतु चांगला निकाल दिला तर तो त्या एका खड्ड्यापुरताच खरा, कारण दहा पावलांवर थर निराळे असूं शकतात. वर्गांतील परीक्षेंत उत्तीर्ण झाल्यावर आपण निश्चिंत होतों. डोंगराच्या परीक्षेंत उत्तीर्ण झाल्यावरही जपूनच चालावें लागतें. उतार एकेकट्यानें ओलांडावा, बाकीच्यांनीं सुरक्षित जागीं उभें राहून त्याच्यावर नजर ठेवावी, आणि शंका असली तर आडवाट धरावी किंवा माघारें फिरावें.

कारण गाडलें गेल्यावर वेळ फार थोडा असतो. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या माणसांपैकीं पुष्कळ वांचतात. पुढें ही आशा झपाट्यानें कमी होते. लोट थांबतांच हिम घट्ट आवळून बसतें, हात हालवितां येत नाहीं, आणि श्वासास हवा पुरत नाहीं. दूरच्या मदतीची वाट पाहण्यास सवड नसते. सोबतीच सोबत्यास वांचवितो. म्हणून जाणते लोक तीन वस्तु जवळ बाळगतात: खूण पाठविणारें व शोधणारें लहान यंत्र, हिमांत खुपसावयाची लांब सळई, आणि फावडें. ३ फेब्रुवारी २०१६ रोजीं सियाचिनवर सोनम नांवाच्या चौकीवर हिमाचा प्रचंड भाग कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील एक जवान होता. धारवाड जिल्ह्यांतील लान्स नाईक हणमंतप्पा कोप्पद हे सहा दिवसांनीं जिवंत सांपडले, तेव्हां सारा देश आनंदला. परंतु ११ फेब्रुवारीस तेही गेले. हिमाचा डोंगर आपल्यापासून दूर असला, तरी त्याचें दुःख आपल्या दारापर्यंत येतें तें असें.

पालक बंधुभगिनींनो, आपलीं मुलें आतां पूर्वींपेक्षां अधिक संख्येनें हिमालयांत जाऊं लागलीं आहेत, आणि त्यांनीं जावें असेंच मी म्हणेन. परंतु त्यांना पाठवितांना 'किती उंच जाणार' हें विचारण्यापूर्वीं 'परत फिरा असें सांगण्याचा अधिकार तुमच्यांत कोणास आहे, आणि त्याचें ऐकणार काय' हें अवश्य विचारा. आणि मुलांनो, तुम्ही हें ध्यानांत ठेवा कीं, थोडें दिसतें तें निरुपद्रवी असतेंच असें नाहीं, आणि वरून घट्ट दिसणाऱ्या थराखालीं काय आहे तें खणल्यावांचून कळत नाहीं.

त्या मुलाच्या वडिलांकडे मी पुढें स्वतः गेलों, आणि माझें उत्तर चुकलें होतें असें त्यांना सांगितलें. ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, "सर, पुढच्या खेपेस कोणी विचारलें तर काय सांगाल?" मीं म्हटलें, "आधीं सांगेन कीं मला ठाऊक नाहीं. आणि मग ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे पाठवीन."